थोरली पाती, धाकटी पाती आणि इंदूआत्या

आमच्या घरात चमचे पुष्कळ आहेत, पण इंदूआत्या समोर असल्या की त्यांना कोणी हात लावत नाही. चहात साखर टाकून कोणी चमचा फिरवू लागला की त्यांचा चेहरा असा होतो, जणू त्यांच्यादेखत कोणी लहान मुलाला बदडतं आहे. "ढवळू नका, जावईबापू," त्या म्हणतात. "ढवळणं म्हणजे मारामारी. भेटवा त्यांना." 'त्यांना' म्हणजे चहाला आणि दुधाला.

ही भेट घडवण्यासाठी त्यांनी आमच्या ओट्यावर एक यंत्रणा उभी केली आहे. दोन नरसाळी, त्यांना लावलेल्या दोन रबरी नळ्या आणि त्या जिथे एकत्र येतात तिथे एक बारीक काचेची नळी. एका नरसाळ्यात कोरा चहा, दुसऱ्यात साखर घातलेलं दूध. ती साखर दुधात न ढवळता कशी विरघळली, हे विचारण्याचं धाडस अजून कोणी केलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी, ठरलेल्या वेगानं ओतायचं. खाली कपात जो चहा पडतो त्याचा रंग पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत एकच असतो, हे मला कबूल करावंच लागतं. फक्त कप भरेपर्यंत तो गार झालेला असतो. तसं मी एकदा बोलून दाखवलं. "घाई वेगळी आणि वेग वेगळा, जावईबापू," असं उत्तर आलं. हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणतात की हल्ली शाळेला उशीर झाला की आमची लेक मला तेच ऐकवते.

इंदूआत्या माझ्या बायकोच्या, म्हणजे वृंदाच्या सख्ख्या आत्या. केमिकल इंजिनिअरिंगच्या डॉक्टर. बरीच वर्षं बाहेरगावी शिकवलं, काही वर्षं परदेशात काढली, आणि लोक निवृत्तीनंतर जसे बागकामाला लागतात तशा त्या इथे देवासला येऊन प्रयोगशाळा काढून बसल्या. औद्योगिक वसाहतीत सोयातेलाच्या कारखान्याला लागून एक शेड भाड्यानं घेतली. हाताखाली दोन एम.एस्सी. झालेल्या मुली ठेवल्या. दोघी चहा घरून पिऊन येतात.

माझं गावात इन्व्हर्टर आणि बॅटरीचं दुकान आहे. इतकी वर्षं इंदूआत्यांना माझं नाव लक्षात राहत नसे. शेडमधल्या फ्रीजला अखंड वीज लागणार हे कळल्यावर मात्र त्या माझ्याशी फार आपुलकीनं वागू लागल्या. जावई म्हणून मी त्यांना पसंत पडलो तो बॅटरीवाला म्हणून. पण त्यामुळेच मला शेडमध्ये मुक्त प्रवेश मिळाला आणि जे बघायला लोक कुठे कुठे जातात ते मला सोयातेलाच्या वासात बघायला मिळालं.

आत्यांचा दुसरा वैरी बुडबुडा. बाटली, ग्लास, सलाईन, काहीही दिसलं की त्या ते उजेडात धरतात, टिचकी मारतात आणि बुडबुडा दिसला तर "हा कोणाचा?" असं विचारतात. जणू कोणी चप्पल चुकीच्या जागी काढून ठेवली आहे. आमच्याकडे सोडा येत नाही. लेकीला वाढदिवसाला कोणी साबणाचे फुगे करायची डबी दिली, तर आत्या बिचाऱ्या त्या दिवशी गच्चीवर जाऊन बसल्या. राजगढला वृंदाच्या मामेभावाकडे मुंज होती, तिथे आचारी मठ्ठा घुसळत होता. घुसळणं आणि वर फेस, दोन्ही गुन्हे एका पातेल्यात. आत्यांनी त्याच्या हातातली रवी काढून घेतली. तो घाबरून मला म्हणाला, "भिया, इन माताजी को बिठाओ कहीं, मेरी पंगत अटक जाएगी."

त्यांचा पंप आला तेव्हाची गोष्ट तर बसस्टँडवर अजून सांगतात. सिरिंज एकसारख्या वेगानं दाबणारं ते यंत्र इंदूरला उतरलं होतं आणि त्याला धक्का लागता कामा नये होता. आत्यांनी देवासच्या बसमध्ये शेजारची सीट त्याच्यासाठी धरली आणि ओढणीनं त्याला बांधून टाकलं. कंडक्टर आला.

"माताजी, ये सामान नीचे रखो, सवारी खड़ी है."

"सामान नहीं है," आत्या म्हणाल्या. "इसका पूरा टिकट काटो. इसका हाथ तुम्हारे ड्रायवर से ज़्यादा सधा हुआ है."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. पण मला सांगायला हवं, त्या दिवशी बस देवासपर्यंत एकाही खड्ड्यात आपटली नाही.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो; मी बॅटरीवाला माणूस.

शरीरातल्या पेशींना काही नवं सांगायचं असेल तर तसा निरोप पाठवता येतो. 'हे बनवा', 'ते बनवू नका' असा. निरोप म्हणजे एक लांबलचक, अतिशय नाजूक रेणू. उघडा सोडला तर रक्तात शिरता शिरता त्याचे तुकडे होतात. आपल्या थुंकीनंसुद्धा होतात, म्हणून शेडमध्ये मला तोंडाला फडकं बांधून गप्प उभं राहावं लागतं आणि वृंदा म्हणते की विज्ञानाचा हा फायदा तिला आधी कोणी सांगितला नव्हता. तर हा निरोप पोचवायचा असेल तर त्याला चरबीचं आवरण हवं. असा चरबीचा थेंब इतका लहान हवा की आपल्या केसाच्या जाडीत असे हजारभर शेजारी शेजारी मावावेत. आणि सगळे थेंब एकाच मापाचे हवेत. एक मोठा, एक छोटा असं झालं तर मोठे भलतीकडेच अडकतात आणि छोटे वाट चुकतात. पातेल्यात ओतून ढवळलं तर नेमकं तेच होतं. कुठे जास्त मारामारी, कुठे कमी. म्हणून ढवळायचं नाही. भेटवायचं.

आणि भेट कशी घडवतात हे समजायला देवासचा माणूस असावं लागतं, असं इंदूआत्यांचं ठाम मत आहे. संस्थानी काळात या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, आणि हद्द रस्त्याच्या मधोमध. राज्यं जाऊन किती काळ लोटला, तरी आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांतून सोयरीक निघाली की 'कुठल्या पातीचे?' हा प्रश्न अजून येतो. आत्यांनी आपल्या दोन सिरिंजना तीच नावं दिली. थोरल्या पातीत आंबटसर केलेलं पाणी आणि त्यात निरोप. धाकट्या पातीत अल्कोहोल आणि त्यात विरघळलेली चार जातींची चरबी. थोरली भराभर चालते, धाकटी बेतानं.

हे आमच्या शेजारच्या बुवासाहेबांच्या कानावर गेलं. बुवासाहेब पिढीजात धाकट्या पातीचे. पणजोबा दरबारात होते. ते मुद्दाम काठी टेकत वर आले.

"आत्याबाई, ये क्या बात हुई? दारू आमच्याच पातीत का?"

"चरबी तिकडेच आहे म्हणून, बुवासाहेब," आत्या सरळ मनानं म्हणाल्या.

बुवासाहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि निघून गेले. दिवाळीपर्यंत ते आमच्याशी बोलत नव्हते. त्यांना कशाचं वाईट वाटलं, हे आत्यांना आजही ठाऊक नाही.

एकदा इन्व्हर्टरचं पाणी बघायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "जावईबापू, या. तुम्हाला जुनं देवास दाखवते."

सूक्ष्मदर्शकाखाली टपालाच्या तिकिटाएवढा एक पारदर्शक तुकडा होता. त्यात केसाएवढी रुंद वाट कोरलेली. मी डोळा लावला. एका बाजूनं लाल शाई आली, दुसऱ्या बाजूनं निळी, आणि दोघी एकाच वाटेनं शेजारी शेजारी चालू लागल्या. मिसळल्या नाहीत. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, काही नाही. लाल आपल्या अंगानं, निळी आपल्या अंगानं, आणि मधोमध सरळ रेघ. मी डोळा काढून पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

"अशा का चालतायत?"

"वाट अरुंद आहे. इतक्या अरुंद वाटेत पाण्याला दंगा करता येत नाही. आता ही बघा."

त्यांनी तुकडा बदलला. या वाटेच्या तळाला गव्हाच्या ओंबीसारख्या तिरप्या खाचा होत्या. लाल आणि निळी त्यावर आल्या मात्र, एकमेकींवर दुमडू लागल्या. चिरोट्याची पोळी दुमडतात तशी घडीवर घडी, प्रत्येक घडी आधीच्याहून पातळ, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल नाही, निळी नाही, नुसता जांभळा रंग. कोणी ढवळलं नव्हतं. हलवलंसुद्धा नव्हतं. नुसतं चालता चालता झालं होतं.

"इथे, या क्षणाला," आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "चरबीला कळतं की आता आपल्याला पाण्यात उघडं राहता येत नाही. निरोप जवळच असतो. त्याच्यावर विजेचा उणा भार, हिच्यावर अधिक. ती त्याला पोटाशी घेते आणि मिटते. मी काही करत नाही हो, जावईबापू. मी फक्त वाट करून देते."

  मी रोज बॅटऱ्या उचलतो, आम्ल आणि शिसं, माझ्या जगातल्या गोष्टी जड असतात. इतकं बारीक काही इतक्या शिस्तीत घडतं आणि ते आमच्या गावात, सोयातेलाच्या भिंतीपलीकडे, हे पाहून माझे डोळे भरून आले. मग त्यांनी एक छोटी कुपी खिडकीच्या उजेडात धरली. वरवर पाणीच. पण उजेड मागून आला की त्याला किंचित निळी झाक येत होती.

"यात किती थेंब असतील?"

"देवासपासून धारपर्यंतची सगळी माणसं मोजा, त्यांचे बापजादे मोजा, तरी पुरायचे नाहीत."

"आणि प्रत्येकात एक निरोप?"

"असावा. एखादा रिकामा निघतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. त्या रिकाम्यांचं त्यांना खरंच दुःख होत होतं.

निरोप कोणासाठी होता, तेही सांगायला हवं. वृंदाच्या माहेरी एक आजार आहे. घरात त्याला नाव नाही, 'पायांचं' म्हणतात. यकृत एक प्रथिन जरा वाकडं बनवतं, ते नसांवर साचत जातं. आधी पायांच्या बोटांना मुंग्या येतात, मग पाय बधिर होतात, मग हाताची बोटं, आणि शेवटी ते हृदयाशी पोचतं. वृंदाच्या आजोबांना होतं. आता तिच्या वडिलांना, म्हणजे दादांना आहे. दादा इंदूआत्यांचे थोरले भाऊ, धारला तळ्याकाठी राहतात, हेडमास्तर होते. रस्त्यात चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. ते तसेच पुढे जातात आणि गल्लीतलं कोणीतरी "दादा, आपकी चप्पल" म्हणत मागून धावतं. ते चप्पल घेतात, "हवा लागू देत होतो पायाला" म्हणतात.

आईबापांपैकी एकाला असलं तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. वृंदानं तपासणी केलेली नव्हती. ती मांडी घालून भाजी निवडत बसली आणि उठताना तिच्या पायाला मुंग्या आल्या की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

इंदूआत्यांना दादांचं रक्त हवं होतं. त्यांचे थेंब इंदूरच्या ज्या संशोधकांकडे जात होते, ते उंदरांवर प्रयोग करत होते. पण या घराण्यातली चूक नेमकी या घराण्याची होती. दादांच्या रक्तापासून पेशी वाढवायच्या, त्यांना यकृतासारखं वागायला शिकवायचं आणि त्यांच्यावर थेंब सोडून बघायचं की निरोप वाचला जातो का. त्यावर सगळं अडलं होतं. आणि दादा रक्त देत नव्हते. वृंदाची धाकटी बहीण अजून लग्नाची होती. घरातली गोष्ट कागदावर आली की धार-इंदूरच्या मराठी मंडळींत संध्याकाळच्या आत फिरते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

दर रविवारी फोनवर हेच चाले. आत्या फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे सगळी आळी ऐके.

"दादा, रक्त."

"आधी औषध."

"औषध अजून माणसाला द्यायचं नसतं. सध्या उंदराला देतायत."

"म्हणजे उंदीर माझ्या आधी?"

"हो."

"आपल्या घरात थोरल्यांचा मान राहिलाच नाही," असं म्हणून दादा फोन ठेवत. पुढच्या रविवारी तेच फोन करत.

गेल्या नवरात्रात दादा देवासला आले. देवीच्या टेकडीवर पायी चढणं आता शक्य नव्हतं. मी त्यांना रोपवेनं वर नेलं, दोन्ही मातांचं दर्शन झालं. खाली उतरल्यावर म्हणाले, "तिच्या कारखान्यात घेऊन चला."

शेडमध्ये ते बराच वेळ काठीवर रेलून सगळं बघत राहिले. आत्यांनी त्यांना लाल-निळी शाई दाखवली, थोरली पाती, धाकटी पाती दाखवली. मग ती कुपी उजेडात धरली. दादांनी ती निळी झाक पाहिली.

"हेच का ते?"

"हेच."

दादांनी काठी माझ्याकडे दिली, स्टुलावर बसले आणि सदऱ्याच्या बाहीचं बटण काढू लागले. बोटांना बटण सापडत नव्हतं. मी पुढे झालो, तर मानेनंच नको म्हणाले. शेवटी बटण न काढताच बाही ओढून वर सारली आणि दंड पुढे केला.

"टोच."

"काय?"

"घरचं आहे. तुझ्या हातचं आहे. मला कोणाची परवानगी नको. टोच, इंदे."

"दादा, हे माणसासाठी नाही."

"उंदराला चालतं ते मला चालेल. मी उंदराहून नाजूक आहे का?"

"उंदीर मेला तर मला दुसरा उंदीर मिळतो," आत्या म्हणाल्या.

 दादांचा हात तसाच पुढे होता.

"इंदे, माझ्याकडे वेळ नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"नाही," आत्या म्हणाल्या. कुपी त्यांनी फ्रीजमध्ये ठेवली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दादांनी बाही खाली केली. त्या दोघांकडे बघायचं मला धाडस होईना, कारण दोघांचंही खरं होतं. परतीच्या वाटेवर दादा एकच वाक्य बोलले, "आजवर तिनं मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं."

त्या संध्याकाळी इंदूआत्यांनी चहात चमचा घातला आणि ढवळत बसल्या. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत होत्या. वृंदा स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली, तिचा चेहरा उतरला होता. "आत्या चहा ढवळतायत हो," ती म्हणाली. दुसऱ्या कुठल्या घरात हे ऐकून कोणी घाबरलं नसतं.

तेव्हा वृंदानं मला ते सांगितलं, जे त्यांच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. आत्यांना विशीत एक स्थळ आलं होतं. मुलगा त्यांच्याच वर्गातला, दोघांचं जमलेलं. आजोबांचे पाय तेव्हा पार गेले होते. आत्यांनी विचार केला की आपल्यातही हे असलं तर ते पुढच्याला का द्यायचं, आणि नाही म्हणून कळवलं. त्या काळी तपासणी नव्हती. ती निघाली तेव्हा आत्यांची पन्नाशी उलटली होती. त्यांनी केली. त्यांच्यात काही नव्हतं. अहवाल आला त्या दिवशी घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि इंदूआत्या खोलीचं दार लावून बसल्या. "त्यांचं काहीच नव्हतं गेलेलं," वृंदा म्हणाली आणि रडू लागली, "आणि सगळं गेलं होतं." मी इतकी वर्षं त्यांच्या गार चहाची टिंगल करत होतो. मला त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

रविवारचा फोन बंद झाला. आत्या शेडमध्ये जात, थेंब करत, तपासत, पाठवत. कामात एवढासाही फरक नव्हता. मुली सांगत की माप पूर्वीपेक्षा नेमकं येतंय. घरी मात्र त्या कोणालाच काही शिकवेनाशा झाल्या. एकदा लेकीनं त्यांच्यासमोर सोड्याची बाटली फोडली, तरी काही म्हणाल्या नाहीत.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दादांचा फोन आला, पण माझ्या फोनवर. "तुमच्या आत्येसासूबाईंना म्हणावं, उद्या भाऊबीज आहे. विसरल्या असतील."

आम्ही सगळे गाडीनं धारला गेलो. आत्या वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवर निरांजनाचं तबक होतं, ते त्यांनी पंपासारखं धरलं होतं.

दिवाणखान्यात शिरलो तर दादांच्या शेजारी एक तरुण मुलगी बसलेली. पुढ्यात अनारशांची बशी, पायाशी एक निळी थंड पेटी. आत्यांना बघून ती चटकन उठली.

"मॅम, मी इंदूरच्या टीमची डॉक्टर. सरांनी स्वतः फोन करून बुलाया. सगळं वाचून घेतलं त्यांनी, प्रत्येक ओळ समजावून घेतली, मग सही केली."

आत्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आधी ओवाळ," दादा म्हणाले.

दादांना पाटावर बसता येत नाही, खुर्चीतच बसवलं. आत्यांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. दादांनी तबकात काही घातलं नाही. "ओवाळणी तिला देतो," म्हणाले आणि त्या डॉक्टर मुलीकडे बोट केलं.

आत्यांनी तबक खाली ठेवलं. दादा बोलू लागले.

"इंदे, खरं सांगू? मला वाटायचं, तुझा चाळा आहे हा. एकटी आहे, रमते आहे, रमू दे. त्या दिवशी तू मला नाही म्हणालीस. घरी आलो, संतापलो, जेवलो नाही. मग बसून विचार केला. जी माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही, ती मला नाही म्हणते, म्हणजे हे खरं काम आहे. चाळा असता तर टोचलं असतंस." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पोरींना सांगितलंय मी. दोघींनाही. धाकटी म्हणाली, जो हे ऐकून पळेल तो मला नकोच."

मी वृंदाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिला ठाऊक होतं, तिनं मला सांगितलं नव्हतं. मग माझ्या कानाशी म्हणाली, "मीही तपासून घेणार आहे. तुम्ही याल ना बरोबर?" मी तिचा हात घट्ट धरला.

डॉक्टर मुलीनं पेटी उघडली. दादांचा उजवा दंड बांधला. दादांनी तिकडे बघायचं टाळून तोंड फिरवलं.

"हे माझ्या कामाला येईल का गं?"

इंदूआत्यांना खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी तरी त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं.

"नाही, दादा. तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. मला उशीर झाला. पोरींपर्यंत पोचेल, कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित."

"बरं," दादा म्हणाले.  "मग इकडे ये. मला रक्त बघवत नाही. हात धर माझा."

आत्या खुर्चीच्या डाव्या बाजूला खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी दादांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दादा भिंतीकडे बघत होते.

"धरलायस का?" त्यांनी विचारलं. "मला तिथलं काही कळत नाही."

"धरलाय, दादा."

सुई आत गेली. नळीतून रक्त येऊ लागलं. दादांनी डोळे मिटून घेतले होते, आणि ती सुई बाहेर निघेपर्यंत इंदूआत्या थोड्या थोड्या वेळानं त्यांना सांगत होत्या, "धरलाय. अजून धरलाय."